वर गेलेली मूठ

बास्केटबॉलच्या सामन्याचं शेवटचं मिनिट होतं, गुण बरोबरीत. चेंडूचे टप्पे टाकत ती पुढे आली. ती पॉइंट गार्ड. डाव तिनेच मांडायचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जुन्या संघाने तिला काढून टाकलं होतं. आज ती त्यांच्याचविरुद्ध खेळत होती.

सवयीने तिची मूठ वर गेली. खूण जुन्या संघाची होती. तिच्या नव्या संघातल्या मुलींना ती कळलीच नाही.

पण समोर बास्केटखाली तिला अडवायला उभी असलेली वैजू, तिची जुनी जोडीदार, वर्षानुवर्षं या खुणेवर धावायची तशी कोपऱ्याकडे धावली. बास्केट मोकळं पडलं. पॉइंट गार्डने चेंडू आत टाकला आणि सामना जिंकला.

"जागा सोडून पळालीस कुठे?" वैजूचे कोच ओरडले.

वैजूने मान खाली घातली. "ताईची मूठ वर गेली, सर. तिला काढलंत, हे माझ्या पायांना कुणी सांगितलंच नाही."