बाकाखालचं घड्याळ

धाकट्या जावेच्या मुलीने चर्चमध्ये सापडलेली अंगठी परत केली आणि पाळकांनी तिला सगळ्यांसमोर उभं करून शाबासकी दिली, तेव्हापासून थोरलीचा नुसता जळफळाट चालला होता. खोटं बोलू नये, देव बघतो, म्हणून लेकीच्या कानीकपाळी ओरडायचं आपण, जेवणाआधी तिच्याकडून प्रार्थना म्हणून घ्यायची आपण, आणि कौतुक कुणाचं, तर त्या धाकटीच्या कार्टीचं. पुढच्या रविवारी तिने आपलं जुनं घड्याळ लेकीच्या मुठीत कोंबलं. “बाकाखाली सापडलं म्हणायचं. कळलं?” उपासना संपताच लेक पाळकांकडे गेली. त्यांनी घड्याळ निरखलं, वाकून प्रेमाने विचारलं, “कुठे मिळालं गं तुला?” धाकटी मान उंचावून बघत होती. थोरलीने हसू आधीच चेहऱ्यावर आणून ठेवलं होतं. लेक गोंधळली, वळली आणि भरल्या चर्चमध्ये मोठ्याने म्हणाली, “आई, तू सांगितलंस ते सांगू, की खरं?”