पहिला घोट

"तपासणी होईपर्यंत चहाचा थेंबही नको." पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तो आवाज तुळजाबाईंच्या कानात घुमत होता, आणि समोर धाकट्या जावेनं आण्णांच्या हातात भरला कप ठेवला होता.

चार पावलं चाललं की आण्णांची छाती आवळायची. गुडघा कामातून गेलेला, म्हणून फिरत्या पट्ट्यावर पळवून तपासता येईना. मग ठरलं, की झोपल्या जागी शिरेतून औषध द्यायचं, हृदयाच्या रक्तवाहिन्या फुलवायच्या आणि रक्त कुठं पोचत नाही त्याचे फोटो काढायचे. अंगात चहा असला की ते औषध लागूच पडत नाही. उद्याची तारीख हुकली तर पुढची महिन्यानं.

पण हा चहा साधा नव्हता. बांधावरून भांडण झालं तेव्हा आण्णा धाकट्या भावाच्या, संपतच्या याच ओसरीवरून भरला कप सारून उठले होते. तेव्हापासून भावाभावांत अबोला. आता आजाराचं कानावर गेलं, तसा संपत स्वतः बोलवायला आला होता.

आण्णांनी कप कपाळाला लावला आणि खाली ठेवला. तपासणीचं सांगितलं. चहानं कुठं तपासणी बिघडते होय, असं जाऊबाई आत पुटपुटल्या. आण्णा तांब्यातलं पाणी प्यायले.

"पाणी वैऱ्यालाबी देत्यात, आण्णा," संपत म्हणाला.

"उद्या तपासणी झाली की पयला घोट तुझ्या हितं."

संपत गोठ्याकडं बघत राहिला. भरवसा तुळजाबाईंनाही वाटला नाही. चहाशिवाय आपल्या नवऱ्याचे डोळे उघडत नसत. उपाशी बायकोपेक्षा पोटभर खाल्लेली म्हैस बरी, म्हणून त्यांच्या गुरुवारच्या उपासांची त्यानं जन्मभर थट्टा केलेली.

दुसऱ्या दिवशी औषध शिरेत गेलं. आण्णांचा चेहरा तापला, छातीवर जातं ठेवल्यागत झालं. सिस्टरनं मनगट सोडलं नाही. एक डोळा पडद्यावर, एक माणसावर. काचेआडून बघताना तुळजाबाईंचे हात आपसूक जुळले.

फोटो निघाले, डोकं मात्र ठणकत राहिलं. सिस्टरनंच दोघांना चहा आणला.

"प्या आण्णा आता. औषधाचा जोर यानंच मोडतो."

वाफ नाकाशी गेली. आण्णांनी डोळे मिटले. पाण्यानं भागेल का, असं विचारलं. भागेल, पण डोकं बराच वेळ ठणकेल, ती म्हणाली.

"ठणकू द्या."

तुळजाबाईंचा गुरुवार होता. उपासाला चहा चालतो. तरी त्यांनीही आपला कप खाली ठेवला.

गावी, न्हावऱ्याला एसटीतून उतरल्यावर आण्णा घराच्या वाटेला लागले नाहीत.

"अहो, रिपोर्ट तर परवा मिळायचा. भाऊजी इचारत्याल, काय सांगायचं?"

"इचारू तर दे," आण्णा म्हणाले, आणि गुडघा सांभाळत संपतच्या वस्तीकडं चालू लागले.