पांढरा ठिपका

"ताई, तुमचे बाबा हल्ली इंजिनच्या झाकणाचा एकच बोल्ट तीन-तीनदा आवळतात," बाबांच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी तिला सांगितलं होतं. "बरंच की, तेल गळायला नको!" म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं.

मग बाबा आवळून झालेल्या बोल्टवर पांढरा ठिपका देऊ लागले, त्याला पुन्हा पाना लागू नये म्हणून. हळूहळू ठिपके घरी आले. गॅसच्या बटणावर, दाराच्या कडीवर, गोळ्यांच्या डबीवर.

काल ते भिंतीवरच्या फोटोतल्या चेहऱ्यांना ठिपके देत होते. "हा नातू. हे जावई. ओळखले, झालं काम!"

तिच्या चेहऱ्याशी ब्रश थबकला. "अहो बाई, या कोण?" त्यांनी तिलाच विचारलं.


तुमच्या घरी कोण एकच गोष्ट तीनदा तपासतंय, आज जरा बघाल?