केनीच्या नावाची मिस्सा

"केनीचं विमान समुद्रावर नाहीसं झालं, त्याला वर्ष झालं. आता त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये मिस्सा ठेवू या," फर्डिनंड म्हणाला.

"माझ्या पोराला मारायची एवढी घाई?" मी नवऱ्यावर ओरडले.

रोज जेवताना केनीच्या रिकाम्या खुर्चीतून 'खट्' असा आवाज यायचा, विमानातला पट्टा लावल्यासारखा. फर्डिनंडलाही तो ऐकू यायचा. तो मान खाली घालून जेवत राहायचा.

शेवटी त्याने मिस्सा ठेवलीच. निर्मळच्या चर्चमध्ये मी मुद्दाम फर्डिनंडपासून लांब, शेवटच्या बाकावर बसले. फादरनी मृतांमध्ये केनीचं नाव घेतलं. लगेच माझ्या मांडीवर 'खट्' वाजलं.

"उभे राहू या," फादर म्हणाले.

सगळे उभे राहिले. मला उठता येईना. पोटावर काहीतरी गार, ओलं आवळलं होतं.

फर्डिनंडने मागे वळून डोळे वटारले.

आणि माझा बाक हळूहळू पुढे कलू लागला.