मागे फिरणाऱ्याचा बिल्ला

हेमांगी जो ऑनलाइन खेळ खेळायची, तो चालवणाऱ्या मंडळींनी खेळाडूंकडूनच नव्या बिल्ल्यांची चित्रं मागवली होती. तिने काढलेला तलवारीचा बिल्ला पुन्हा नापसंत झाला.

"बिल्ला मिळणार कशाबद्दल?" मटार सोलता सोलता आईने विचारलं.

"लढाईत पडलेल्या सोबत्यासाठी जो मागे फिरतो, त्याला."

"मग तलवार कशाला? पडलेल्याला उठवणारा हात काढ की."

हेमांगीने आईचाच हात काढला, बांगड्यांसकट, आणि धीर करून पाठवला. या वेळी तो सगळ्यांना आवडला.

"आई, पहिला बिल्ला मणिपूरच्या एका मुलीला मिळालाय! हात कुणाचा, म्हणून विचारतेय."

आईने लाजून पदराला हात पुसले. "माझा म्हणून सांग. आणि म्हणावं, इकडं आलीस तर जेवायला घरीच ये."