शेजारची फ्रिक्वेन्सी

निवृत्त मुख्याध्यापिका बाई दर रविवारी सकाळी हॅम रेडिओवरून समुद्रापलीकडच्या आपल्या विधवा ताईशी बोलायच्या. पण अगदी लगतच्या फ्रिक्वेन्सीवर एक गप्पिष्ट गृहस्थ आपल्या टोमॅटोच्या रोपांचं पुराण लावायचे आणि त्यांचा आवाज दोघी बहिणींच्या बोलण्यात घुसायचा.

"ताई, शेजारचे आवाज गाळणारा फिल्टर आणते आणि पुढच्या रविवारपासून या टोमॅटोवाल्याची बोलती बंदच करते बघ," असं सांगून बाईंनी रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान गाठलं.

"रुंद फिल्टर देऊ की अरुंद?" दुकानदाराने विचारलं. "अरुंद घेतलात तर शेजारचं अवाक्षर ऐकू येणार नाही."

"सगळ्यात अरुंद द्या!"

रविवारी बाईंनी नवा फिल्टर लावून रेडिओ सुरू केला. टोमॅटोवाले एकदम गायब! पण ताईचाही पत्ता नव्हता. अर्धा तास हाका मारून बाईंचा घसा बसला. ताईला काही झालं तर नसेल? शेवटी न राहवून त्यांनी फिल्टर बंद केला.



शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर ताई खिदळत होती, "बोला हो बिनधास्त! आजपासून आमच्या धाकटीला आपलं काही ऐकू जायचं नाही."