समोरून आलेला वाघ

दसरूने पहिला ठोसा नाकावर मारला, दुसरा तोंडावर. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे, भर दुपारी. प्रफुल खाली पडला. त्याच्या पुस्तकाची तपासायला आणलेली पानं धुळीत पसरली. दसरूने हाताला लागली ती चुरगाळली.

"माह्या भावाचं नाव त्या पुस्तकात नाई पाहिजे," तो म्हणाला. "तू होता का तिथी? मंग कोनाच्या भरोशावर लिवून राह्यला?"

जाता जाता त्याने बरगडीत एक लाथ घातली.

प्रफुलने तक्रार केली नाही. ओठाला टाके घालून घेतले आणि छापखान्याला फोन केला. दसरूच्या भावाचं, नथ्थूचं प्रकरण आहे तसंच ठेवा, एक अक्षरही काढू नका. मार खाल्ल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आपण लेखक आहोत असं त्याला वाटत होतं.

तो कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचा. वाघाने ज्यांची माणसं मारली त्यांच्या घरी जाऊन, ओसरीवर बसून, त्याने एकेक मरण लिहून आणलं होतं. पुण्याच्या प्रकाशकाने हस्तलिखित परत केलं. लेखकाला ओळखतं कोण, असं त्याचं म्हणणं. मग प्रफुलने इंटरनेटवर लोकवर्गणीचं पान उघडलं: आधी पैसे द्या, छापून झालं की पुस्तक घ्या. मुदतीत रक्कम जमली नाही तर आलेली वर्गणी परत जाणार होती आणि पुस्तक तिथेच संपणार होतं. शुभेच्छा भरपूर आल्या. वर्गणी दिली ती मामाने आणि एका विद्यार्थ्याने.

"वाघ तरी बरा, प्रफुल," स्टाफरूममध्ये गुणवंतराव म्हणाले. "थो मानसाले खाते तरी. तुले तर वाचक शिवूनबी नाई राह्यले."

मुदत संपत आली असताना वैनगंगेपलीकडच्या एका जंगलातल्या गावातून फोन आला. तिथल्या बचत गटाची दुर्गा बोलत होती. किती कमी पडून राह्यलं, एवढंच तिने विचारलं. मोहफुलं विकून आलेले, तेंदूपत्त्याच्या मजुरीचे, अंड्याकोंबड्यांचे असे सगळे पैसे बायांनी एकत्र केले होते. गावातल्या पुरुषांना मात्र यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. अट एकच, नथ्थूचं प्रकरण त्यांनी सांगितलं तसंच छापायचं.

प्रफुलच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी त्याने गुणवंतरावांना ऐकवलं की अनोळखी लेखकाचा वाचक असतो, फक्त प्रकाशक जातात त्या रस्त्यावर तो राहत नाही.

नथ्थूचं मरण त्याने तिथेच, नथ्थूची बायको धुरपता हिच्या अंगणात ऐकलं होतं. भोवती गावातल्या बाया बसल्या होत्या. नथ्थू बांबू तोडायला गेला आणि परतला नाही. सापडला तेव्हा कपाळाच्या वर कवटी फुटलेली होती, उजवा हात कोपराखाली तुटून कातड्याला लोंबत होता. पोटाकडचं रानडुकरांनी खाल्लं होतं. त्याची कुऱ्हाड कधीच मिळाली नाही. वाघ त्या जंगलात होताच, आजूबाजूला पावलंही होती. पंचनामा झाला.

तोवर प्रफुलला वाघाची रीत माहीत झाली होती. वाघ मागून येतो आणि मान धरतो. बाकी सगळ्यांच्या जखमा मानेवर होत्या. नथ्थूच्या सगळ्या समोरून. असं कसं, त्याने विचारलं.

धुरपताचा डावा हात कधीतरी मोडून वाकडाच सांधला गेला होता. तिने त्यावर पदर ओढला.

"वळून उभा राह्यला असन थो," दुर्गा म्हणाली. "भेनारा नवता."

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. प्रफुलने लिहिलं: या पुस्तकात वाघाच्या डोळ्यात पाहून मेलेला माणूस एकच. हे वाक्य त्याला फार आवडलं. दसरूचा राग कशासाठी, हेही त्याने मार खाल्ल्यावर धुरपताला विचारलं होतं. त्याले जमीन पाहिजे, ती म्हणाली. प्रफुलला तेवढं पुरलं.

छापून आलेली पुस्तकं घेऊन तो जीपने गावात गेला. समाजमंदिरात बाया जमल्या होत्या. बहुतेक पुरुष कामावर होते. दसरू फिरकला नाही. घाबरला असावा, असं प्रफुलला वाटलं.

प्रत्येकीने एकेक प्रत घेतली. बहुतेकींना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानेच नथ्थूचं प्रकरण वाचलं. कवटी फुटल्याचा आवाज, पाचोळ्यावरचं रक्त, तुटलेला हात. एकीनेही नजर खाली घातली नाही. पुढे सीता बसली होती, गावात नव्यानेच लग्न होऊन आलेली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता, गाल काळानिळा पडला होता. डोक्याचा भाग आला तेव्हा तिने तो परत वाचायला सांगितला. प्रफुलने परत वाचला. असा श्रोता मोठमोठ्या लेखकांनाही मिळत नसेल, असं त्याच्या मनात आलं.

वाचून झाल्यावर दुर्गाने एक गाठोडं त्याच्यापुढे सरकवलं. दुसऱ्या पुस्तकाची वर्गणी.

प्रफुल म्हणाला की लिहायला आता काही उरलं नाही. यंदा या भागात वाघाने कोणाला मारल्याचं ऐकलेलं नाही.

"आमच्याच गावचं लिवा, सर," दुर्गा म्हणाली. "सीताच्या नवऱ्याले वाघानं नेलं, थे."

प्रफुलचा चेहरा उतरला. हात जोडून त्याने सीताकडे दुःख व्यक्त केलं, पेन काढलं आणि हळू आवाजात विचारलं, कधी झालं हे?

सीताने दुर्गाकडे पाहिलं.

"तारीख मागून सांगतो," दुर्गा म्हणाली. "तुमी लिवाले तर घ्या."

समोरच्या घराच्या दारात येऊन सीताच्या नवऱ्याने शिवी हासडली आणि जेवायला वाढ म्हणून तिला हाक मारली.